पुस्तकांच्या कपाटात सिल्व्हरफिश झालेत, कायमचे कसे घालवायचे?

अबोली_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आमचा डोंबिवलीत तळमजल्यावरचा फ्लॅट आहे आणि हॉलच्या एका भिंतीला छतापर्यंत पुस्तकांचं कपाट आहे. त्यात आईने जमवलेले सत्तर-ऐंशीच्या दशकातले दिवाळी अंक, तिच्या हाताने लिहिलेल्या पाककृतींच्या वह्या, भोंडल्याच्या गाण्यांची वही असं सगळं आहे. परवा श्रावणासाठी म्हणून पाककृतींची वही काढली तर मधल्या पानांवरची अक्षरं अर्धी गायब. कागद फाटलेला नाही, भोकही नाही, वरचा थर कुणीतरी नखाने खरवडून काढावा तसा. पान उजेडासमोर धरलं की पलीकडची खिडकी दिसते. आणि पान उलटलं तर एक चंदेरी किडा सळसळत शिवणीच्या फटीत घुसला.
आतापर्यंत डांबर गोळ्या ठेवून झाल्या, बाजारातला स्प्रे मारून झाला, कडुनिंबाची पानं घालून झाली. चार दिवस दिसत नाहीत, मग परत हजर. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे म्हणून जास्त जहाल काही नको वाटतंय. नवरा सोडून घरातले बाकी सगळे म्हणतायत जुने अंक रद्दीत घाल, प्रश्न मिटेल. मला ते अंक टाकायचे नाहीयेत. आई नाही आता, तिचं अक्षर तेवढं आहे. कुणी या किड्यांचा खरंच बंदोबस्त केलाय का? काय केलंत ते सविस्तर सांगा प्लीज.

टपरीवरचा_चहा
पाल पाळा. पगार नाही, सुट्टी नाही, रात्रपाळीची तक्रार नाही. :)

मोरपंखी
@टपरीवरचा_चहा, पाल खरंच खाते यांना. पण मग पाल घालवायचा धागा वेगळा काढावा लागेल.
अबोली, रद्दीत काहीही घालू नकोस. आमच्याकडेही हेच आहे, बाथरूममध्ये रात्री लाइट लावला की तीनचार जण पळताना दिसतात. वाचतेय.

सुगरण_सातारची
वेखंडाच्या कांड्या ठेवा गं. काष्टौषधीच्या दुकानात मिळतात. माझ्या सासूबाई रेशमी साड्यांत आणि पोथ्यांत वेखंडच ठेवायच्या, सुती फडक्यात पुरचुंडी बांधून. दरवर्षी पावसाळ्यानंतर बदलायच्या. कडुनिंबाची पानं ठेवायची तर सावलीत पूर्ण कडक वाळवून, ओलसर ठेवली तर बुरशी येते आणि पानावर डाग पडतात. लवंगाही ठेवतात काही जण.

रानवारा
अबोली, बाकीचं नंतर, आधी त्या डांबर गोळ्या घरातून काढ. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणून कळकळीने सांगतेय. त्यात नॅप्थॅलिन असतं. काही बाळांना जन्मतःच जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, आणि ती कित्येक घरात माहीतही नसते. अशा बाळाला नॅप्थॅलिनच्या नुसत्या वासाने किंवा त्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी-स्वेटर न धुता घातल्याने लाल पेशी फुटून एकदम कावीळ आणि रक्त कमी होणं असा प्रकार होऊ शकतो. शिवाय रांगणारं मूल ती गोळी पेपरमिंट समजून तोंडात घालतं. जुने कपडे-पांघरुणं गोळ्यांत असतील तर धुऊन उन्हात वाळवूनच बाळाला वापर.

अबोली_डोंबिवली
@रानवारा, बाप रे. हे अजिबात माहीत नव्हतं. आत्ता उठून सगळ्या गोळ्या काढल्या, बाळाच्या खोलीतल्यासुद्धा. खूप खूप आभार.

कीटकवेडा
सविस्तर लिहितो, कारण हा प्राणी नीट समजला तरच उपाय लागू पडतो.
आपल्याकडे कसर म्हणतात ती हीच (तशी कपड्यांवरच्या पतंगाच्या अळीलाही कसर म्हणतात, ती वेगळी). पंख नाहीत, अंगावर चंदेरी खवले, मागे तीन केसांसारख्या शेपट्या. बोटाने दाबली तर खवल्यांची राखाडी भुकटी बोटाला लागते. फार जुना वंश आहे, डायनोसॉरच्याही आधीपासूनचा. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघून हिचं चित्र काढलं होतं, म्हणजे पुस्तकवाल्यांचं हिच्याशी वैर जुनंच आहे.
खाते काय? स्टार्च आणि साखरेच्या जातीचं सगळं. बाइंडिंगची खळ, कागदावरचं कोटिंग, वॉलपेपरची चिकी, स्टार्च केलेलं सुती कापड, जुन्या फोटोंवरचा जिलेटिनचा थर, डोक्यातला कोंडा, मेलेले किडे. कागदातलं सेल्युलोजसुद्धा पचवते. आणि काही नाही मिळालं तर महिनोन्महिने उपाशी राहते. म्हणून "कपाट रिकामं केलं की उपाशी मरतील" हे होत नाही.
आता मुद्द्याचं. हिला अन्नापेक्षा दमट हवा जास्त लागते. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि पंचवीसच्या आसपास तापमान म्हणजे हिची चैन. अंडी फटीत घालते, ती दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही फुटतात. स्प्रेने समोरचे मरतात, फटीतली अंडी राहतात, म्हणून तुमचं ते "चार दिवस नाहीत मग परत हजर". आयुष्य दोनतीन वर्षं, कधी त्याहून जास्त. आणि मोठी झाल्यावरही कात टाकत राहते, बहुतेक किडे तसं करत नाहीत.
चावत नाही, रोग पसरवत नाही. त्यामुळे बाळाला किड्यापेक्षा औषधाचा धोका जास्त, हे लक्षात ठेवून उपाय निवडा.
मला विचाराल तर पहिला प्रश्न हा की ते कपाट ज्या भिंतीला आहे तिच्या पलीकडे काय आहे?

टपरीवरचा_चहा
@कीटकवेडा, इतकी माहिती त्या किड्यालाही स्वतःबद्दल नसेल. भारी लिहिलंय.

विदर्भकन्या
नागपूरहून. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, त्यामुळे कसर फारशी नसावी असं वाटेल. पण माझ्या माहेरी एका खोलीत भरपूर होती. बाकी घरात एक नाही. त्या खोलीच्या खिडकीला कूलर होता आणि खिडकीखालीच पुस्तकांचं शेल्फ. मार्च ते जून कूलर सतत चालू, खोलीत दमट हवा, भिंतीला खाली ओल. शेल्फ दुसऱ्या खोलीत हलवलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ गायब झाली. त्यामुळे कीटकवेडा म्हणतायत ते पटतंय, कारण गावाच्या हवेपेक्षा कोपऱ्याची हवा बघावी लागते.

बांधणीकर
मी बाइंडिंगचं काम करतो, वडिलांपासूनचा धंदा. जुनी पुस्तकं उघडली की कसर कुठे असते ते रोज बघतो. पाठीच्या कापडाखाली, पुठ्ठ्याच्या सांध्यात आणि शिवणीच्या दोऱ्याजवळ. कारण तिथेच खळ लावलेली असते. पूर्वी मैद्याची खळ करताना त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे किडा लागू नये म्हणून. आता संवर्धनवाले लोक मोरचूद नको म्हणतात कारण कागद लवकर खराब होतो त्याने. मी हल्ली पांढरा सिंथेटिक गोंदच वापरतो, त्याला कसर फारसं तोंड लावत नाही.
ताई एक बघा, नुकसान कुणाचं आहे ते आधी ओळखा. पृष्ठभाग खरवडलेला, कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या आणि मिरपुडीसारखे काळे कण असतील तर कसर. टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक आरपार अनेक पानांतून गेलं असेल तर तो भुंगेरा, त्याची अळी आत बोगदा करते. मातीचा थर दिसला तर वाळवी, मग धागा वाचत बसू नका, त्याच दिवशी माणूस बोलवा. तुमच्या वर्णनावरून कसरच वाटते.
वह्यांना खाकी किंवा चकचकीत कव्हर घातली असतील तर ती काढून आत बघा. कव्हरच्या घडीत अंडी असतात.

नानाची_टांग
साधा सोपा स्वस्त उपाय, बोरिक पावडर. मेडिकलमध्ये मिळते. कॅरमला टाकतो ती पावडर पण बऱ्याचदा बोरिकच असते. कपाटाच्या मागे, स्कर्टिंगच्या फटीत पातळ थर फुंकायचा. किडा त्यावरून चालतो, अंग साफ करताना पोटात जाते, खल्लास. आमच्याकडे कॅरमचा डबा कपाटाखाली सांडला होता, त्यानंतर त्या कपाटात कसर दिसलीच नाही, तेव्हापासून मुद्दाम टाकतो.

टपरीवरचा_चहा
म्हणजे क्वीन घेतली आणि कसर पण.

रानवारा
@नानाची_टांग काका, बोरिक अ‍ॅसिड रांगत्या बाळाच्या घरात जमिनीलगत नको हो. पोटात गेलं तर बाळाला विषबाधा होते. कपाटाच्या मागे, जिथे बाळाचा हात पोचणारच नाही आणि केर काढताना उडणार नाही अशा बंद फटीत असेल तर ठीक, उघड्यावर अजिबात नको.

नानाची_टांग
मान्य. बाळ मोठं होईपर्यंत फटी सिलिकॉनने किंवा पांढऱ्या सिमेंटने बंद करून टाका. पावडर आत टाकून वरून फट बंद केली तर दोन्ही कामं होतात.

पैठणी_प्रेमी
धाग्याला फाटा फोडते, माफ करा. साड्यांनाही लागते का ही? माझ्या आजेसासूबाईंची पैठणी आहे, घडीवर बारीक चंदेरी भुकटी दिसली म्हणून जीव वरखाली होतोय.

सुगरण_सातारची
@पैठणी_प्रेमी, लागते की. सुती आणि रेशमी दोन्हीला. खळ किंवा स्टार्च केलेल्या सुती साड्या वर्षभर ठेवायच्या असतील तर स्टार्च धुऊन मगच ठेवायच्या, नाहीतर आपणच तिला जेवण वाढून ठेवतो. पैठणी न नेसलेली असली तरी वर्षातून दोनदा उघडायची, घडी बदलायची, म्हणजे त्याच घडीवर जरीची तार तुटत नाही. मऊ धुतलेल्या मलमलीत गुंडाळायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो.

बांधणीकर
+१ मलमलीला. पण भुकटी म्हणजे जरीचा चुरा पण असू शकतो. भिंगाखाली बघा. खवले चपटे आणि हलके असतात, फुंकलं की उडतात.

मोडीवेडा
कापडाचा विषय निघालाच आहे म्हणून. मोडी शिकल्यावर पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात जायचो. इमारत १८९१ ची आहे. तिथले कागद रुमालात बांधलेले असतात, एकेक रुमाल सोडून बसायचं. पोथ्याही पूर्वी दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून कापडात घट्ट बांधायचे. त्या बांधण्याला फार अर्थ आहे. कागद घट्ट दाबलेला राहिला की मधे किड्याला शिरायला जागा नाही, कापडामुळे धूळ आणि उजेड लांब, आणि सुती कापड दमटपणाचा एकदम चढउतार होऊ देत नाही. अबोलीताई, तुमचे सुटे दिवाळी अंक कपाटात आडवेतिडवे ढिले पडलेले असतील तर आधी झाडून पुसून दहाबाराच्या गठ्ठ्यात पुठ्ठा लावून मलमलीत बांधा.
आणि ज्यांच्याकडे जुन्या हस्तलिखित पोथ्या आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. पान पिवळंधमक असेल तर त्याला हरताळ (पिवळं खनिज) लावलेला असू शकतो. तो किड्यांसाठीच लावायचे, पण त्यात आर्सेनिक असतं. बोटाला थुंकी लावून पानं उलटू नका आणि नंतर हात स्वच्छ धुवा.

विदर्भकन्या
बाप रे, आमच्या देवघरातल्या पोथीचं पान अगदी तसंच पिवळं आहे आणि बाबा थुंकी लावूनच पानं उलटतात. आत्ताच फोन करते.

उंबरठा
सगळे दमट दमट म्हणतायत पण मी सरळ सांगतो, पेस्ट कंट्रोलशिवाय जात नाही. दादरला आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये केलं आणि वर्षभर एक दिसली नाही.

मोरपंखी
@उंबरठा, आम्ही वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंय एका कंपनीचं. मुलगा येतो, किचनच्या बिजागऱ्यांना झुरळांच्या जेलचे ठिपके लावतो, सही घेतो, जातो. पुस्तकांच्या कपाटाकडे बघतसुद्धा नाही. कसर म्हटलं तर म्हणे "वो इसमें कवर है मॅडम". सहा महिने झाले, कव्हर काय झालंय ते कळलेलं नाही.

कीटकवेडा
दोघांचंही खरं आहे. फवारणी फटीत नीट केली तर उपयोग होतो. पण जुन्या बिल्डिंगच्या दगडी भिंती, उंच छत, हवा खेळती, तिथे एकदा मेल्या की परत जम बसायला वेळ लागतो. ओल तशीच ठेवून औषध मारणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.
आणि कृपा करून पुस्तकांवर थेट स्प्रे मारू नका. तेलकट डाग पडतात, शाई फुटते, आणि ते पान पुढे कुणीतरी हातात धरून वाचणार असतं.

उन्हाचा_कवडसा
एवढी चर्चा कशाला? ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं की सगळी पुस्तकं गच्चीत टाकायची. आमच्याकडे कोकणात दरवर्षी गाद्या, गोधड्या, पुस्तकं सगळ्याला उन्हं दाखवतात. फुकट उपाय.

बांधणीकर
ऊन नको हो. मी हात जोडून सांगतो. दिवाळी अंकांचा कागद मुळातच हलका असतो, थेट उन्हात एकाच मोसमात पिवळा आणि ठिसूळ होतो, नंतर घडीवर बिस्किटासारखा तुटतो. शाईच्या पेनाने लिहिलेलं असेल तर अक्षर उडतं. व्हरांड्यात, सावलीत, पंख्याखाली उभी करून पानं सैल सोडा. वारा लागू दे, ऊन नको.

उन्हाचा_कवडसा
आमच्या आजोबांची पुस्तकं पन्नास वर्षं अशीच ठेवलीत, काही झालं नाही.

बांधणीकर
कापडी बांधणीची, चांगल्या कागदाची असतील. ती सोसतात. दिवाळी अंक नाही सोसत. तुम्ही एकच जुना अंक घ्या, अर्धं पान झाकून ठेवा आणि आठवड्याने बघा.

फ्योर्डवासी
ओस्लोहून लिहितोय. इथे या विषयावर लोक कोर्टात जातात म्हटलं तर खोटं वाटेल. लांब शेपटीची एक करडी जात आहे, ती नॉर्वेत पहिल्यांदा २०१३ मध्ये नोंदवली गेली आणि आता नवीन बिल्डिंगांमध्येसुद्धा सर्रास आहे. घर विकताना ती असल्याचं सांगितलं नाही म्हणून खरेदीदार दावे लावतात. साध्या जातीला बाथरूमसारखी ओलसर जागा लागते, ही करडी जात तुलनेने कोरड्या घरातही तग धरते. पसरते मुख्यतः पुठ्ठ्याच्या खोक्यांतून.
इथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या लोकांनी यावर काम केलं. विषारी जेलचे अगदी बारीक ठिपके, पण घरभर भरपूर ठिकाणी, कडेकडेने आणि फटींत. खाल्लेला किडा मरतो, त्याला दुसरे खातात, तेही मरतात. मोठे ठिपके कमी ठिकाणी लावून काम होत नाही कारण हा किडा फार लांब भटकत नाही. मोरपंखीच्या त्या बिजागरीवरच्या ठिपक्यांचा उपयोग का नाही ते यावरून कळेल. अर्थात बाळ असलेल्या घरात हे जाणकार माणसाकडूनच, आणि कपाटाच्या मागे.
सगळ्यांना एक सांगणं की ऑनलाइन खरेदीची खोकी घरात साठवू नका. तीच यांची एसटी.

मोरपंखी
@फ्योर्डवासी, आमच्या माळ्यावर मिक्सर, टीव्ही, कुकर, सगळ्याची खोकी "वॉरंटीला लागतील" म्हणून ठेवलीत. आजच खाली काढते.

अबोली_डोंबिवली
सगळ्यांचे आभार, रात्री जागून वाचलं. @कीटकवेडा, तुमचा प्रश्न वाचला आणि उठून बघितलं. कपाटाच्या मागे बाथरूमची भिंत आहे, बरोब्बर शॉवरची. कपाट भिंतीला फिक्स केलंय, मागे प्लायसुद्धा नाही, थेट भिंतच. खालचे दोन कप्पे रिकामे केले तर भिंतीला पोपडे आलेत. काल आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मागवलं. हॉलमध्ये ७४ टक्के आणि खालच्या कप्प्यात दार लावून ८८!! सगळ्यात खराब झालेल्या वह्या त्याच कप्प्यातल्या.

कीटकवेडा
सापडलं. ८८ म्हणजे तिथे बुरशीपण असणार. आता ती भिंत कोरडी केल्याशिवाय दुसरं काही करू नका, फक्त पुस्तकं आजच हलवा.

गवंडीकाम
सिव्हिलवाला आहे. प्लंबर बोलवायच्या आधी घरी एक तपासणी करा. रात्री सगळे नळ बंद करून त्या लाइनचं मीटर असेल तर आकडा लिहून ठेवा. सकाळी आकडा पुढे सरकला असेल तर कन्सील्ड, म्हणजे भिंतीत दडवलेला पाइप गळतोय, टाइल्स फोडाव्या लागतील. सरकला नसेल तर बहुतेक टाइल्सच्या सांध्यातून किंवा नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जमिनीतल्या मोरीच्या जाळीच्या) कडेने पाणी मुरतंय, ते तुलनेने स्वस्तात होतं, सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (पाणी न मुरणारा सांधे भरायचा मसाला) भरून घ्या. भिंतीला नुसता वॉटरप्रूफ रंग हॉलच्या बाजूने मारू नका, बरेच कंत्राटदार तेच सुचवतात. पाणी आत कोंडतं आणि दुसरीकडून निघतं. गळती बंद झाल्यावरही भिंत सुकायला आठवडे लागतात, पावसाळ्यात जास्तच.
कपाट परत लावाल तेव्हा भिंतीपासून चार बोटं लांब, आणि खाली पाय असलेलं. हवा फिरली पाहिजे मागून.

पानगळ
माझ्याकडून पुस्तकांतली अंडी मारायचा उपाय. फ्रीझर. ग्रंथालयांतही करतात हे. पुस्तक झिपलॉकच्या पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, सील करायची आणि घरच्या फ्रीझरमध्ये, उणे अठराच्या आसपास, दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही!! पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं आणि आगीतून फुफाट्यात. आधीच ओलसर असलेली वही आधी सावलीत सुकवून मग. जुने फोटो मात्र घालू नका. औषध नाही, वास नाही, बाळाला त्रास नाही. वेळ लागतो कारण एका वेळी मावतात चारपाच.

टपरीवरचा_चहा
रविवारी कुणीतरी बांगडे म्हणून १९७८ चा दिवाळी अंक तव्यावर टाकणार.

सुगरण_सातारची
रवा लावून छान लागेल हो. :D

पानगळ
हसा. पण वेगळा कप्पा करा आणि दोन पिशव्या घाला, माशाचा वास कागदाला लागला तर जात नाही.

अनुस्वार
उरलेल्या मोजायला आणि पकडायला बरणीचा सापळा. काचेची उभी बरणी, बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे चढता येतं, आत चमचाभर कणीक. आत पडली की गुळगुळीत काचेवरून वर येता येत नाही. रात्री ठेवा, सकाळी बघा. यांनी संपत नाहीत, पण कुठल्या कोपऱ्यात जास्त आहेत ते नेमकं कळतं. कपाटाच्या प्रत्येक टोकाला एकेक ठेवा.

अबोली_डोंबिवली
महिन्याभराने येतेय. @गवंडीकाम, मीटरचा आकडा हलला नव्हता. नहाणी ट्रॅपच्या कडेचं सिमेंट गेलेलं होतं आणि खालच्या तीन ओळींचे सांधे मोकळे. ते करून घेतलं. भिंत अजून सुकतेय, हॉलच्या बाजूचे पोपडे काढून उघडी ठेवलीय. पुस्तकं बेडरूममध्ये लोखंडी रॅकवर, भिंतीपासून लांब. अंक मोडीवेडांनी सांगितल्यासारखे पुठ्ठा लावून मलमलीत बांधले, नवऱ्याने गाठी मारल्या. वह्या फ्रीझरमधून जातायत पाळीपाळीने. बरणीत आधी रोज पाचसहा असायच्या, या आठवड्यात एखादीच. खोकी सगळी गेली.
आता एक वेगळीच मदत हवीय. आईच्या वहीत पातोळ्यांची कृती आहे, तिचा वरचा भाग राहिलाय: "तांदळाची पिठी दोन वाट्या, मीठ, पाणी..." आणि पुढे कसरीने खाल्लंय. मग थेट "हळदीच्या पानावर पातळ थापून" असं आहे. नागपंचमीला करायच्यात. मधलं काय असेल?

कोकमसरबत
अगं, दोन वाट्या पिठीला साधारण दोन वाट्या पाणी, पण पिठी कशी आहे त्यावर कमीजास्त. थापायला येईल इतपत सैलसर भिजवायची, इडलीच्या पिठापेक्षा घट्ट. आमच्याकडे नव्या तांदळाची असेल तर पाणी कमी लागतं. सारणाला दीड वाटी ओलं खोबरं, पाऊण वाटी गूळ, वेलची, किंचित जायफळ. खोबरं-गूळ नुसतं गरम होऊन एकजीव होईपर्यंतच, जास्त शिजवलं की चिक्की होते.

सुगरण_सातारची
गूळ एक वाटी कर, गोडाला कमी नको. आणि हळदीच्या पानाची मागची बाजू वर ठेवायची, म्हणजे शिरांचा ठसा उमटतो. दहाबारा मिनिटं वाफ.

कोकमसरबत
एक वाटी फार होते हो काकू, पाऊणच.

अबोली_डोंबिवली
:) दोन्ही करून बघते. वहीत सारणाच्या ओळीतलं "पाऊ" एवढं शिल्लक दिसतंय, म्हणजे कोकमसरबत जिंकली बहुतेक.

मोडीवेडा
ताई, राहिलेल्या सगळ्या पानांचे आत्ताच फोटो काढा. दिवसाउजेडी खिडकीपाशी, मोबाइल पानाला अगदी समांतर धरून, फ्लॅश बंद. जिथे थर खरवडला गेलाय तिथे प्रकाश बाजूने, तिरका पाडा. पेनाच्या टोकाने कागदावर पडलेला दाब दिसतो आणि शाई गेली तरी अक्षर वाचता येतं कधीकधी. बॉलपेनने लिहिलेलं असेल तर नक्कीच.

अबोली_डोंबिवली
@मोडीवेडा, दिसलं!! टॉर्च आडवा धरला आणि अनारशांच्या पानावरच्या तीन ओळी वाचता आल्या. बॉलपेनच होतं. आता सगळी वही अशीच वाचून काढते.

उंबरठा
हा धागा वाचून आमच्याकडेही बघितलं. किचनच्या ट्रॉल्यांखाली ओल आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याला रद्द केलं नाहीये, पण आधी प्लंबर बोलावलाय.

अबोली_डोंबिवली
कीटकवेडा, एक शेवटचं. नवीन कपाटाला दारं करून घेऊ की उघडं ठेवू? आणि आत दमटपणा कमी करायला काय ठेवू?

कीटकवेडा
दारं चालतील, पण वरखाली जाळीची भोकं ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पिशव्या, रंग बदलणाऱ्या. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, केशरी रंगाचे घ्या आणि बाळाच्या हातापासून लांब, वरच्या कप्प्यात. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरता येतात, स्वयंपाकाच्या ताटलीत मात्र नको, वेगळी ठेवा. उघड्या खोलीत त्यांचा उपयोग शून्य, बंद कपाटातच. खूप पाऊस असेल त्या दिवसांत खोलीचा एसी ड्राय मोडवर तासदोन तास. यंत्र कपाटातच राहू द्या आणि साठच्या वर आकडा गेला की दाणे बदला.

गवंडीकाम
आणि भिंत पूर्ण सुकल्याशिवाय पुट्टी मारू नका. एक फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा, दोन दिवसांनी आतून घाम दिसला तर अजून थांबा.

अबोली_डोंबिवली
आत्ताच चिकटवला. परवा सांगते.